पाणी, कागद आणि फादर दिब्रिटो

आपल्यापैकी निम्म्या जणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात. मग दहावी येते, क्लासेस येतात, सीईटी येते आणि रंगांचा डबा माळ्यावर जातो. पुढे चित्रकलेशी संबंध उरतो तो फर्स्ट इयरच्या इंजिनीअरिंग ड्रॉइंगपुरता. काही महाभागांचा तर तेवढाही नाही. ते काचेखाली ट्यूबलाइट लावून मित्राच्या शीटवरून सरळ 'जीटी' मारतात!

माळ्यावरचा तो डबा खाली काढावा म्हणून हा लेख. विषय आहे आवडत्या लेखकाचं पोर्ट्रेट जलरंगात कसं करायचं. आणि लेखक घेतलाय आपल्याच भागातला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

आपल्या कॉलेजात येणारे बरेच जण बोरिवली-विरार पट्ट्यातले, पण सगळ्यांना हे नाव माहीत असेलच असं नाही. फादर विरारजवळच्या नंदाखालचे. धर्मगुरू, मराठी लेखक आणि 'सुवार्ता' या मासिकाचे अनेक वर्षं संपादक. बायबल आजच्या मराठीत आणणारं 'सुबोध बायबल' त्यांचं. 'ओअ‍ॅसिसच्या शोधात' त्यांचं आणि 'नाही मी एकला' हे आत्मकथनही त्यांचंच. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताचं धाराशिव) ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. या पदावर ख्रिस्ती धर्मगुरू येण्याची ती पहिलीच वेळ. २५ जुलै २०२४ ला ते गेले.

त्यांची दुसरी ओळख म्हणजे 'हरित वसई'. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी मोकळा व्हायला लागला, तेव्हा बागा, विहिरी आणि बावखलं वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. (बावखल म्हणजे आपल्याकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं.) हरित वसई संरक्षण समितीच्या त्या लढ्यात फादर पुढे होते.

इथे माझी एक अडचण आधीच सांगून टाकतो. मी नालासोपारा पश्चिमेला राहतो. आमची चार मजली बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी वाडी होती, असं आजूबाजूचे जुने लोक सांगतात. ते आंदोलन पूर्ण यशस्वी झालं असतं तर आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं आज कुठे असती कोणास ठाऊक. बाबांना परवडेल असं घर फक्त याच बाजूला मिळत होतं. आणि उन्हाळ्यात टँकर आला की बादल्या घेऊन धावणारेही आम्हीच. म्हणजे ज्या माणसाचं चित्र मी काढायला घेतलं, त्याच्या म्हणण्यात माझ्या घराविरुद्धही काहीतरी होतं. तरी तो माणूस मला आवडतो. हे दोन्ही एकत्र कसं बसतं, याचा विचार चित्र काढताना सारखा होत होता. त्याबद्दल पुढे येईनच.

आधी वाचा, मग फोटो निवडा

पोर्ट्रेटचं अर्धं काम फोटो निवडण्यात असतं. माणूस गेला की त्याचा एकच फोटो सगळीकडे फिरायला लागतो. चौकात बॅनर, व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस, सगळीकडे तोच. असा फोटो बहुधा समोरून फ्लॅश मारून काढलेला असतो. फ्लॅशने सावल्या मरतात आणि चेहरा पापडासारखा सपाट दिसतो. जलरंगाला सावलीच हवी असते, त्यामुळे हा फोटो बाद.

खिडकीचा किंवा मांडवाबाहेरचा उजेड एका बाजूने पडलाय असा फोटो शोधा. चेहऱ्याचा साधारण दोन तृतीयांश भाग उजेडात आणि एक तृतीयांश सावलीत असेल तर उत्तम. सेल्फी मात्र घेऊ नका. कॅमेरा हातभर अंतरावर असला की नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब पडतात, त्यामुळे नाक मोठं आणि कान लहान येतात. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. सहा-सात फुटांवरून काढलेल्या फोटोत प्रमाण ठीक येतं.

आणि फोटो निवडण्याआधी त्या लेखकाचं निदान एक पुस्तक वाचा. मी 'नाही मी एकला' वाचलं, आणि मग गंभीर चेहऱ्याचे, हारांनी झाकलेले फोटो बाजूला ठेवून भाषण करतानाचा एक फोटो घेतला. त्यात तोंड किंचित उघडं आहे आणि नजर समोरच्या कोणावर तरी खिळलेली आहे. आपण लेखकाचं चित्र काढतोय, तर तो काही सांगताना दिसायला हवा, एवढाच हिशेब.

कागद आणि रंग

कागदावर कंजूषी नको. साधा ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की फुगतो, त्याच्यावर डोंगर-दऱ्या तयार होतात आणि रंग दऱ्यांमध्ये साचतो. कारण सोपं आहे. कागदाचे तंतू पाणी पिऊन जाड होतात, ओला भाग पसरतो, कोरडा पसरत नाही. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सवाल्यांनी याला बकलिंग म्हटलं तरी चालेल. ३०० जीएसएमचा, शक्यतो सुती लगद्याचा, थोडा खरखरीत कागद घ्या आणि चारही बाजूंनी टेपने बोर्डावर पक्का चिकटवा.

रंग कॅमलिनचे असले तरी सुरुवातीला पुष्कळ झाले. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेली ही कंपनी. तिचा एक कारखाना आपल्याच पालघर जिल्ह्यात, तारापूरला आहे. फक्त एक बघा: शाळेतले पोस्टर कलर आणि जलरंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्टर कलर अपारदर्शक असतात, खालचं झाकून टाकतात. जलरंगात रंगाची बारीक पूड आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो. तो पाण्यात पातळ होऊन पारदर्शक थर देतो.

पाच रंग पुरतात: यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि एक हिरवा. काळी ट्यूब पिशवीतच राहू द्या. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन दाट मिसळले की जिवंत काळा मिळतो, आणि प्रमाण बदललं की तोच तपकिरीकडे किंवा निळ्याकडे झुकतो. ब्रश दोन: एक मोठा गोल, एक लहान गोल, दोन्हींना टोक हवं.

पेन्सिल

इथे आपण इंजिनीअरिंगवाले खूश. फोटोवर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखा, रफ कागदावर एक इंचाच्या, आणि चौकटीगणिक रेषा उतरवा. स्केल झालं २:१. काही प्रमाणं लक्षात ठेवा. डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत अंतर मोजलं तर डोळे बरोबर मध्यावर येतात. नवशिक्यांचे डोळे नेहमी वर सरकतात, कारण कपाळ आणि डोकं केवढं मोठं असतं याकडे आपलं लक्ष नसतं. समोरून पाहिलं तर चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी. कानाचं वरचं टोक भुवईच्या रेषेत, खालचं नाकाच्या बुडाच्या रेषेत. वय झालेल्या माणसाचे कान आणि नाक मात्र लांबलेले असतात, तिथे नियमापेक्षा फोटोवर विश्वास ठेवा.

चांगल्या कागदावर थेट खोडाखोड करू नका. त्यावर सायझिंगचा, म्हणजे पाणी हळू शोषलं जावं यासाठीचा लेप असतो. रबर घासला की तो निघतो आणि तिथे रंग डागासारखा शोषला जातो. रफ कागदावर चित्र पक्कं करा, त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिल घासा आणि चांगल्या कागदावर ठेवून रेषा उमटवा. इथे जीटी माफ आहे!

पांढरं आधी ठरवा

आता खरा मुद्दा. जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. म्हणजे ट्यूब मिळते, पण खरा जलरंगवाला तिला हात लावत नाही. चित्रातला सगळा उजेड कागदाचा असतो. प्रकाश रंगाच्या थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत बाहेर येतो. एका फेरीत थर दोनदा ओलांडला जातो.

एक ढोबळ गणित करू. समजा एक थर एका वेळी ८० टक्के प्रकाश सोडतो. जाऊन-येऊन उरला ६४ टक्के. त्यावर तसाच दुसरा थर दिला तर ४१ टक्के. तिसरा दिला तर जेमतेम २६ टक्के. म्हणजे तीन थरांत कागदाचा तीन चतुर्थांश उजेड गेला. म्हणूनच जलरंगाची माणसं "तीन थरांत संपव" असं म्हणतात. चौथ्या-पाचव्या थरानंतर चेहरा चिखल दिसायला लागतो.

तैलरंगात काळ्यावर पांढरा ठिपका ठेवता येतो. जलरंगात जे झाकलं ते गेलं. ओल्या ब्रशने थोडा रंग उचलता येतो, पण कागदाचा पहिला पांढरा परत येत नाही. त्यामुळे पहिला थेंब टाकण्याआधीच ठरवावं लागतं, कुठे काहीच करायचं नाही. फादरांच्या चित्रात मी अशा जागा पेन्सिलने हलक्या आखून घेतल्या: पांढऱ्या केसांवर जिथे उजेड पडतो तो पट्टा, कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, खालच्या ओठावरचा एक बारीक ठिपका आणि खांद्यावरचा पांढरा कपडा. कागदाचा जवळजवळ एक चतुर्थांश भाग असा न रंगवता ठेवायचा होता.

हे कुठवर नेता येतं ते बघायचं असेल तर सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' बघा. हातात दिवा धरलेली स्त्री, बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड. १९४५-४६ च्या सुमाराचं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. दोन्ही चूक. ते जलरंग आहे आणि तो दिव्याचा उजेड म्हणजे राखलेला कागद. आणि आपल्या मंडळींचं धैर्य वाढावं म्हणून सांगतो, आज जलरंगात ज्यांचं नाव सगळे घेतात ते पुण्याचे मिलिंद मुळीक यांची पदवीही इंजिनीअरिंगचीच आहे.

तीन थर

पहिला थर: यलो ऑकर आणि थोडा लाइट रेड, भरपूर पाण्यात. राखलेल्या जागा सोडून पूर्ण चेहऱ्यावर एका दमात. डोळे, नाक, ओठ असा भेद करायचा नाही. ओलं असतानाच गालावर आणि कानावर किंचित लाइट रेड सोडा, तो आपोआप पसरतो. ओला रंग नेहमी गडद दिसतो आणि वाळल्यावर फिकट होतो. कारण पूड आणि तंतूंमधल्या फटी आधी पाण्याने भरलेल्या असतात. पाणी उडालं की तिथे हवा येते, हवेचा अपवर्तनांक तंतूंपेक्षा खूप वेगळा, म्हणून प्रकाश जास्त विखुरतो. त्यामुळे ओला असताना "जरा जास्तच झालं" वाटेल एवढा रंग घ्या.

दुसरा थर: फक्त सावल्या. इथे फोटो मोबाइलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करा आणि डोळे बारीक करून बघा. बारकावे जातील आणि सावल्यांचे तीन-चार आकार दिसतील: डोळ्यांच्या खोबणी, नाकाची एक बाजू, गालाखालचा भाग, मान. हे आकार एकमेकांना जोडलेले असतात. बर्न्ट सिएनामध्ये थोडा अल्ट्रामरीन घालून हे आकार नकाशातल्या प्रदेशांसारखे भरा. गंमत म्हणजे डोळे अजून काढलेलेच नसतात, तरी माणूस ओळखू येतो. ओळख पापण्यांच्या केसांत नसते, सावल्यांमधल्या अंतरांत असते. लोकलमध्ये पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरचा मित्र आपण ओळखतो तो काही भुवया मोजून ओळखत नाही.

तिसरा थर: मोजके गडद फटकारे. वरच्या पापणीची रेघ, बुबुळ, नाकपुड्या, ओठांमधली फट, कॉलरखालची सावली. बस. लेखकांच्या तोंडावर चष्मा असला (आणि तो असतोच बऱ्याचदा) तर फ्रेम पूर्ण गोल काढू नका. जिथे उजेड पडतो तिथे रेघ तोडा, बघणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो.

थरांच्या मध्ये कागद पूर्ण वाळायला हवा. वसई-विरारच्या पावसाळ्यात ही मोठी परीक्षा आहे. धुतलेली जीन्स तीन दिवस वाळत नाही तिथे कागदाची काय कथा! तळहाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर अजून ओला आहे. हेअर ड्रायर चालतो, पण पृष्ठभागावरची चमक गेल्यावरच आणि फूटभर लांबून, नाहीतर वाऱ्याने रंग ढकलला जातो.

अर्धवट वाळलेल्या थरावर पाण्याचा थेंब पडला तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. नवं पाणी कमी ओल्या भागाकडे धावतं आणि जाताना पूड कडेला नेऊन टाकतं. थेंबाच्या कडेला गडद रेघ येते तिचंही कारण आता माहीत आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये सांडलेल्या कॉफीच्या डागावर पेपर लिहिला होता. थेंबाची कड जागेवर अडकलेली असते आणि कडेचं पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत कणही नेतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवाला कुणी विचारलंच तर सांगा, चित्र काढताना बघितलंय म्हणून.

मागे काय ठेवायचं

पार्श्वभूमीचा मोह फार असतो. नंदाखालचं चर्च, केळी, पानवेलीची वाडी, समुद्र, पुस्तकं, सगळं टाकावंसं वाटतं. तसं केलं की पोर्ट्रेटचं कॅलेंडर होतं. मी फक्त सावलीच्या बाजूला एक ओला हिरवा वॉश दिला, खाली गडद, वर विरळ होत कागदात मिसळणारा. पांढऱ्या केसांची कड मी कुठेच काढलेली नाही. मागचा हिरवा थांबतो तिथे केस सुरू होतात.

हा वॉश देताना माझ्या त्या सुरुवातीच्या अडचणीचं मला थोडं कळलं. केसांचा पांढरा दिसतो तो मागच्या हिरव्यामुळे, आणि हिरवा कुठे थांबला हे कळतं ते राखलेल्या पांढऱ्यामुळे. झाकायचं की राखायचं हे आधी ठरवावं लागतं, कारण नंतर ठरवायला काही उरत नाही. बावखल बुजवून वर प्लिंथ घातली की ते परत खणून मिळत नाही. फादर ज्या काळात बोलत होते तो ठरवण्याचा काळ होता. आमची बिल्डिंग झाली, ती काही मी पाडणार नाही, आणि बाबांनी घर घेतलं याचं मला वाईटही वाटत नाही. पण आमच्या गच्चीवरून पश्चिमेला अजून केळीचे पट्टे दिसतात. उद्या आपल्यातलेच सिव्हिलवाले त्यांच्या प्लॅनवर सह्या करणार आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तेव्हा हा माणूस आठवला तर मला बरं वाटेल.

शेवटचं

कुठे थांबायचं? "आता अजून एकच फटकारा" असं मनात आलं की ब्रश धुवून ठेवा आणि चित्र उलटं टांगून दुसऱ्या खोलीत जा. उलट्या चित्रात प्रमाणातला गोंधळ लगेच दिसतो, आणि दिसला नाही तर काम झालेलं आहे. फोटो दुसऱ्याने काढलेला असेल तर चित्र छापण्याआधी त्याची परवानगी घ्या. आपल्या कायद्यात फोटोवर तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. फ्रेम करताना काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट घाला, नाहीतर आपल्या हवेत बुरशी धरते. आणि थेट उन्हात लावू नका.

चित्राखाली 'थोर साहित्यिक' वगैरे लिहू नका. नाव लिहा आणि एका पुस्तकाचं नाव लिहा. बघणारा पुढचा प्रश्न लायब्ररीत जाऊन विचारेल.

एकदम पूर्ण पोर्ट्रेट नको वाटत असेल तर येत्या रविवारी फक्त बर्न्ट सिएना घ्या. एकच रंग, फिकट, मध्यम आणि गडद असे तीन थर, पोस्टकार्डाएवढा कागद आणि तुमचा आवडता लेखक, मग तो कोणीही असो. तास-दीड तास लागेल. सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र सुरू करू नका. कागद वाळेपर्यंत जर्नल पुरं होईल, असं आपल्या बाबतीत आजवर कधी झालेलं नाही!